तिजोरीखालचा बोगदा : एका फ्रेंच प्रहसनातील ठेवीदार

फ्रेंच भाषेत 'बँक उडविणे' या वाक्प्रचाराला दोन अर्थ आहेत. जुगारगृहातील मेजावर सर्वांचे डाव स्वीकारणाऱ्या पक्षास 'बँक' म्हणतात. एखाद्या खेळाडूने त्या मेजावरील सर्व रक्कम जिंकून नेली म्हणजे त्याने बँक उडविली, असे म्हणण्याचा तेथे प्रघात आहे. दुसरा अर्थ शब्दशः सुरुंग लावून उडविण्याचा. झाँ झिरो यांनी दिग्दर्शित केलेल्या व १९६४ साली प्रदर्शित झालेल्या 'फेत सोते ला बाँक' या चित्रपटाचे शीर्षक या दोन्ही अर्थांवर उभे असून ते आज्ञार्थी आहे : उडवा ती बँक! मराठीत बँक 'बुडते', आणि ती बुडाली म्हणजे ठेवीदार कपाळावर हात मारून घेतो. फ्रेंच वाक्प्रचारात ती उडते, आणि उडविणाऱ्याचे कौतुक होते. ज्याचे बुडाले त्यानेच उडवावयास निघावे, ही या चित्रपटाची मूळ कल्पना होय.

हा चित्रपट फ्रेंच सिनेमाच्या इतिहासग्रंथांत सहसा एखाद्या ओळीचा धनी होतो. लुई द फ्युनेस या नटाच्या कीर्तीचा उदय ज्या वर्षी झाला त्या वर्षातील एक लहानसे, कृष्णधवल प्रहसन, एवढीच त्याची नोंद. याच वर्षाच्या अखेरीपर्यंत 'सँ-त्रोपेचा जँदार्म' व 'फाँतोमास' हे दोन चित्रपट आले आणि पन्नाशी गाठलेला हा नट फ्रान्सचा सर्वांत लोकप्रिय विनोदी अभिनेता ठरला; त्या गदारोळात हे प्रहसन मागे पडले. कलाकृती म्हणून ते फार वरच्या दर्जाचे आहे असा दावा करावयाचा नाही. परंतु दरोड्याच्या कथेत एक प्रश्न नेहमी लपलेला असतो, तो येथे अगदी उघड्यावर आला आहे. तिजोरीतील पैसा कोणाचा? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुरोधाने चित्रपटाचा विचार करावयाचा आहे.

कथानक साधे आहे. व्हिक्तोर गार्निए हा शिकारीचे व मासेमारीचे साहित्य विकणारा दुकानदार. त्याच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे एक बँक आहे. बँकेचे व्यवस्थापक द्युराँ-मारेय हे सुसंस्कृत व सफाईदार बोलणारे गृहस्थ. ही भूमिका झाँ-पिएर मारिएल यांनी केली आहे. त्यांच्या सल्ल्यावरून गार्निएने आयुष्याची बचत आफ्रिकेतील एका काल्पनिक देशाच्या खाणींच्या शेअरांत गुंतविली. त्या देशात राजकीय उलथापालथ झाली आणि शेअर कवडीमोल झाले. व्यवस्थापकांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. तेव्हा गार्निएने पत्नी, मुलगा व दोन मुली यांस एकत्र केले आणि दुकानाच्या तळघरातून रस्त्याखालून थेट बँकेच्या तिजोरीपर्यंत बोगदा खणावयाचे ठरविले. धाकट्या मुलीचे काम करणारी कातरीन दमाँझो ही लुई माल यांच्या १९६० सालच्या 'झाझी' या चित्रपटातील बालतारका होय. परिसरातील धर्मगुरूच्या भूमिकेत क्लोद पिएप्ल्यु आहेत. पुढे बोगदा भलतीकडे जातो, नको त्या वेळी नको ती माणसे दुकानात येतात, आणि प्रहसनाचे यंत्र सुरू होते. शेवट येथे सांगण्याचे कारण नाही. आपल्या विवेचनास त्याची आवश्यकताही नाही.

या कथेची चेष्टा कशाची आहे हे समजण्यासाठी तत्पूर्वीच्या दहा वर्षांतील फ्रेंच दरोडापट ध्यानात घेतले पाहिजेत. १९५५ साली ज्यूल्स डॅसिन यांचा 'रिफिफी' आला. त्यात एका जवाहिऱ्याच्या दुकानात छतावाटे शिरण्याचा जो प्रसंग आहे, तो सुमारे अर्धा तास चालतो आणि त्यात एकही संवाद नाही, संगीतही नाही. छताला पाडलेल्या लहानशा भोकातून छत्री खाली सोडून ती उघडावयाची, म्हणजे पडणारा चुना तिच्यात साठतो व आवाज होत नाही, ही युक्ती ज्यांनी पाहिली ते ती विसरत नाहीत. १९६० सालच्या झाक बेकर यांच्या 'ल त्रू' म्हणजे 'भोक' या चित्रपटात पॅरिसच्या सांते तुरुंगातील कैदी कोठडीची काँक्रीटची जमीन फोडतात. कॅमेरा तेथून हलत नाही आणि प्रत्येक घाव प्रेक्षकास मोजावा लागतो. जोझे जिओव्हानी यांच्या कादंबरीवरून घेतलेल्या या चित्रपटामागे १९४७ साली त्याच तुरुंगात घडलेला पलायनाचा खरा प्रयत्न होता.

या चित्रपटांचा खरा विषय गुन्हा नसून काम हा आहे, असे मला वाटते. हत्यार कोणते, वेळ किती, कोणी काय करावयाचे, आवाज कसा दाबावयाचा, राडारोडा कोठे टाकावयाचा, हे सर्व एखाद्या निष्णात कारागिराच्या एकाग्रतेने दाखविले जाते. प्रेक्षक चोरांच्या बाजूस झुकतो तो ते चोर आहेत म्हणून नव्हे, तर ते आपले काम उत्तम जाणतात म्हणून. यावर पहिला मोठा विनोदी आघात इटलीतून झाला. मारिओ मोनिचेल्ली यांच्या १९५८ सालच्या 'इ सोलिती इन्योती' या चित्रपटात रोमच्या गल्ल्यांतील काही अर्धपोटी उनाड माणसे गहाणवटीच्या पेढीची भिंत फोडावयास निघतात. भिंत भलतीच निघते, आणि स्वयंपाकघरात शिरलेली ही मंडळी तेथील हरभरे घातलेला पास्ता खाऊन परततात. तेथील विनोद अकुशलतेचा आहे. ज्यास काम येत नाही त्याने निष्णाताचे सोंग आणले, की हसू फुटते.

झिरो यांच्या चित्रपटात अकुशलता आहेच, पण विनोदाचे मर्म तिच्यात नाही. येथे टोळीच्या जागी कुटुंब आले आहे. 'रिफिफी'तील मंडळी श्रमविभागाने बांधलेली असतात; गार्निएची मंडळी नात्याने. टोळीचा नायक हुकूम देतो तेव्हा त्यामागे व्यवसायाची शिस्त असते. गार्निए हुकूम देतो तेव्हा त्यामागे बापाचा दरारा, नवऱ्याचा हेका आणि दुकानदाराची काटकसर असे तिन्ही असते. दुकान कसे चालते? मालक गल्ल्यावर, पत्नी गिऱ्हाइकापाशी, मुले पडेल त्या कामास. बोगदाही असाच चालतो. वरच्या मजल्यावर गिऱ्हाइकाशी गोड बोलावयाचे आणि खाली कुदळ चालवावयाची! चोरी हा या कुटुंबास नवा उद्योग वाटत नाही, त्यांच्या दुकानदारीचाच तो तळमजला आहे.

द फ्युनेस यांच्या अभिनयाचा येथे विशेष उल्लेख केला पाहिजे. वरिष्ठापुढे वाकणारा आणि कनिष्ठावर गुरगुरणारा माणूस हे त्यांचे नेहमीचे रूप. एकाच वाक्यात ते या दोन अवस्थांतून दोनदा जाऊन येतात. बर्गसाँ या तत्त्वज्ञाने १९०० साली प्रसिद्ध केलेल्या 'हास्य' या निबंधात सजीवाच्या ठायी यांत्रिकता दिसली की आपणांस हसू येते, अशी उपपत्ती मांडली आहे. ती द फ्युनेस यांस लावण्याचा मोह होतो, पण ती पुरती लागू पडत नाही. बर्गसाँचा हास्यास्पद मनुष्य बेसावध असतो. सवयीने चालत राहतो आणि ठेचाळतो. गार्निए अतिसावध आहे. त्याचे डोळे, भुवया, बोटे ही सर्व एकाच वेळी पहाऱ्यावर असतात, आणि त्याची फजिती होते ती या जादा पहाऱ्यामुळे. एकदा फसलेला ठेवीदार असाच वागतो. या अर्थाने हा अभिनय केवळ अंगविक्षेपांचा नाही, त्यास सामाजिक निरीक्षणाचा आधार आहे.

या नटाचे तळघराशी नातेही जुने आहे. क्लोद ओताँ-लारा यांच्या १९५६ सालच्या 'ला त्राव्हर्से द पारी' या चित्रपटात जर्मन अंमलाखालील पॅरिसमधील झाँबिए नावाच्या वाण्याची छोटी भूमिका त्यांनी केली होती. हा वाणी आपल्या तळघरात काळ्या बाजारासाठी डुक्कर मारतो आणि त्याचा आक्रोश बाहेर जाऊ नये म्हणून अकॉर्डियन वाजविले जाते. दुकान वर आणि व्यवहार खाली, ही रचना तेथेच तयार झाली होती. फरक इतकाच की झाँबिए तळघरात लोकांना लुबाडण्यासाठी उतरतो, तर गार्निए आपले लुबाडलेले परत आणण्यासाठी.

आता ठेवीदाराकडे वळू. फ्रान्समधील लहान बचतदारास तेथील भाषेत 'लोकरी मोज्यात पैसा ठेवणारा' म्हणतात; आपल्याकडील गाडग्यात पैसा पुरून ठेवणाऱ्याचा तो सख्खा भाऊ. हा मोजा मोकळा करून तो पैसा दूरदेशीच्या धंद्यांत गुंतविण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच बँकांनी मोठ्या प्रमाणावर केले, आणि त्याचे फळ बचतदारास वेळोवेळी भोगावे लागले. फर्दिनाँ द लेसेप्स यांच्या पनामा कालवा कंपनीचे १८८९ साली दिवाळे निघाले आणि लहान लहान रोखेधारकांची धूळधाण झाली; मागाहून १८९२ मध्ये लोकप्रतिनिधी व वृत्तपत्रे यांस पैसे चारल्याचे प्रकरण बाहेर आले. त्याहून मोठा घाव रशियन कर्जरोख्यांचा. १८८८ पासून झारच्या सरकारचे रोखे फ्रान्समध्ये विकले जाऊ लागले. ते बँकांच्या खिडक्यांवर, बँकांच्या शिफारशीने आणि वृत्तपत्रांच्या पैसे घेऊन केलेल्या स्तुतीच्या आधाराने विकले गेले. १९१८ च्या आरंभी बोल्शेविक सरकारने ही कर्जे नाकारली. रोखे पेट्यांत पडून राहिले, वारसांना मिळत गेले. १९९७ साली रशियाने ४० कोटी डॉलर देण्याचा करार केला तेव्हा नातवंडे-पतवंडे कागद घेऊन पुढे आली, आणि मूळ रकमेच्या मानाने त्यांच्या हाती आले ते नाममात्र. १९५६ च्या जुलैमध्ये इजिप्तने सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हाही त्या कंपनीचे शेअर फ्रान्समधील असंख्य सामान्य घरांत होते. (या भागधारकांस पुढे भरपाई मिळाली, ही गोष्ट वेगळी.)

चित्रपटातील आफ्रिकन देश काल्पनिक असला तरी १९६४ च्या प्रेक्षकास तो परका वाटला नसावा. चारच वर्षांपूर्वी, १९६० मध्ये, आफ्रिकेतील चौदा फ्रेंच प्रदेश स्वतंत्र झाले होते. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला. वसाहतीतील खाण म्हणजे खात्रीचे उत्पन्न, या समजुतीचा पाया ढासळत असतानाचा हा चित्रपट आहे. त्या देशातील लोकांना आपल्या खाणी आपल्या हाती का घ्याव्याशा वाटल्या, हा प्रश्न मात्र तो चुकूनही विचारीत नाही. गार्निएचा नफा ज्या जमिनीतून यावयाचा होता ती कोणाची, याचा विचार तळघरातील पाचही डोक्यांत येत नाही. चित्रपटाच्या लेखकांस या विषयाचे आकर्षण होते खास. झिरो व द फ्युनेस यांच्या १९६३ सालच्या 'पुइक-पुइक' या पहिल्या संयुक्त चित्रपटातही कथेचे मूळ दक्षिण अमेरिकेतील तेलाच्या एका निरुपयोगी हक्कपत्रात आहे.

गार्निए दुकानदार आहे हेही योगायोगाने नाही. १९५३ साली सँ-सेरे या गावी पिएर पुजाद या पुस्तक-कागद विक्रेत्याने कर तपासनिसांविरुद्ध लहान दुकानदारांची चळवळ उभारली. जानेवारी १९५६ च्या निवडणुकीत तिला सुमारे २५ लाख मते व ५० हून अधिक जागा मिळाल्या. चळवळ लवकरच ओसरली, गाऱ्हाणी ओसरली नाहीत. जून १९६३ मध्ये पॅरिसच्या दक्षिणेस सँत-जनव्हिएव्ह-दे-ब्वा येथे 'कारफूर' कंपनीचे प्रचंड विक्रीकेंद्र उघडले. किराणा, कपडे, अवजारे, सर्व एका छपराखाली. १९६० पासून शंभर जुन्या फ्रँकांचा एक नवा फ्रँक झाला होता, त्यामुळे आकड्यांवरचाही विश्वास डळमळला होता. असा दुकानदार जेव्हा पडद्यावर कुदळ उचलतो, तेव्हा प्रेक्षागृहातून येणारे हसू पुष्कळसे समाधानाचे असते.

येथे मोलिएरची आठवण होणे अपरिहार्य आहे. १६६८ साली रंगभूमीवर आलेल्या त्याच्या 'लाव्हार' या नाटकातील हार्पागाँ मराठी वाचकांस आचार्य अत्रे यांच्या 'कवडीचुंबक' या रूपांतरामुळे परिचित आहे. हार्पागाँ दहा हजार मोहरांची पेटी बागेत पुरतो, कारण तिजोरीवर त्याचा विश्वास नाही. तिजोरी म्हणजे चोरांस दाखविलेले आमिष, असे त्याचे मत. पेटी चोरीस जाते तेव्हा तो सगळ्या जगावर, प्रेक्षकांवर आणि अखेर स्वतःवरही आळ घेतो. गार्निए हा त्याचा उलटा वंशज आहे. हार्पागाँने तिजोरीवर अविश्वास ठेवून पैसा मातीत घातला. गार्निएने तिजोरीवर विश्वास ठेवला आणि म्हणून त्याला मातीत शिरावे लागले. दोघांच्या वेडाची जात एकच : गेलेला पैसा म्हणजे शरीराचा तुटलेला अवयव. फरक काळाचा आहे. हार्पागाँची पेटी कोणी तरी माणसाने उचलली होती, म्हणून ती परत मिळू शकली. गार्निएची पेटी कोणीच उचललेली नाही. ती एका वार्तेसरशी हवेत विरून गेली. ज्याच्याकडून वसूल करावयाचे असा चोरच उरत नाही, तेव्हा समोरची इमारत चोराच्या जागी उभी राहते. द फ्युनेस यांनी पुढे १९८० साली झिरो यांच्याबरोबर 'लाव्हार'चा चित्रपट संयुक्तपणे दिग्दर्शित केला व त्यात हार्पागाँची भूमिका केली, ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. बँकेत पैसा दोन रीतींनी जातो. ठेव ठेवली तर बँक ठेवीदाराची ऋणको होते. रक्कम बुडविली तर जबाबदारी तिची. परंतु बँकेच्या सल्ल्याने, बँकेच्या खिडकीवरून शेअर घेतले तर शेअरांचा मालक स्वतः गिऱ्हाईक; नफा त्याचा, तोटाही त्याचा. व्यवस्थापक द्युराँ-मारेय यांनी सल्ला दिला, हमी दिली नाही. कायद्याच्या दृष्टीने गार्निएचे बँकेकडे काहीही येणे नाही. त्याच्या दृष्टीने मात्र हा भेद म्हणजे शब्दांचा खेळ. पैसे त्याने त्या दारातून आत नेले होते, म्हणून ते त्या दाराच्या आत असलेच पाहिजेत. दार बंद असेल तर खालून जावयाचे! अडाणी वाटणाऱ्या या तर्कात एक खोच आहे. व्यवस्थापकांचा सफाईदारपणा, त्यांचे जोडनाव, त्यांची शांत मुद्रा या सर्वांचा उपयोग गिऱ्हाइकास हा भेद विसरावयास लावण्याकरिताच तर होत असतो. प्रसंग आला म्हणजे तो भेद त्यास आठवून दिला जातो.

तथापि प्रहसन येथे एक लबाडी करते, आणि ती नजरेस आणली पाहिजे. तिजोरीत जो पैसा आहे तो व्यवस्थापकांचा नाही. त्यात त्या गल्लीतील पावरोटीवाल्याचा गल्ला आहे, औषधविक्रेत्याची ठेव आहे, कदाचित धर्मगुरूच्या वर्गणीची पेटीही असेल. गार्निए ज्यांना रोज दुकानात नमस्कार करतो त्यांच्याच पैशापर्यंत तो खणत चालला आहे. बँकेचे भांडवल, ठेवी आणि विमा यांच्या व्यवस्थेत प्रत्यक्ष तोटा कोणावर पडेल हा भाग निराळा. पण ज्याचा पैसा सल्ल्याने गेला त्याने ज्यांचा पैसा ठेवीत आहे त्यांच्याकडून वसुली करावी, याला न्याय म्हणता येणार नाही. चित्रपट हे दिसू देत नाही. त्यासाठी त्याने एक सोपा उपाय केला आहे : बँकेला एकच चेहरा दिला आहे, मारिएल यांचा. वास्तविक २ डिसेंबर १९४५ च्या कायद्याने फ्रान्समधील चार सर्वांत मोठ्या ठेव-बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. त्या काळी फ्रेंच बँक म्हणजे बऱ्याच अंशी सरकार. पण सरकारविरुद्ध बोगदा खणणारा माणूस प्रहसनात बसत नाही. शेजाऱ्याविरुद्ध खणणारा बसतो.

बारा वर्षांनी हीच गोष्ट प्रहसनाबाहेर घडली. जुलै १९७६ मध्ये नीस शहरात आल्बेर स्पाज्जारी याच्या टोळीने गटारातून सुमारे आठ मीटर लांबीचा बोगदा खणला आणि सोसिएते जेनेराल या बँकेच्या भूमिगत कोठारात प्रवेश केला. सुट्टीचे दिवस साधून ही मंडळी आत राहिली. जाताना त्यांनी भिंतीवर आपण शस्त्र, द्वेष वा हिंसा यांवाचून हे केले, अशा आशयाचा मजकूर लिहून ठेवला, आणि वृत्तपत्रांनी त्या वाक्याला डोक्यावर घेतले. स्पाज्जारी नीसमधील छायाचित्रकार होता. त्याचे स्वतःचे दुकान होते. ऑक्टोबरमध्ये त्यास अटक झाली. १० मार्च १९७७ रोजी त्याने न्यायाधीशांच्या दालनाच्या खिडकीतून खाली उभ्या असलेल्या मोटारीच्या टपावर उडी घेतली आणि मोटारसायकलवरून तो पसार झाला. १९८९ साली मृत्यू येईपर्यंत पोलिसांच्या हाती लागला नाही. या घटनेवर १९७९ साली चित्रपट काढणारे दिग्दर्शक जोझे जिओव्हानी, म्हणजे 'ल त्रू'चे मूळ कादंबरीकार.

नीसच्या लोकांनी या दरोडेखोरास जवळजवळ वीर ठरविले. वर सांगितलेला मजकूर त्यास कारण झाला असावा; पण त्याहून अधिक कारण, बँकेला चेहरा नसतो आणि स्पाज्जारीला होता. फोडल्या गेल्या त्या मात्र बँकेच्या पेट्या नव्हत्या. भाड्याने घेतलेल्या कप्प्यांत शहरातील माणसांनी दागिने, रोखे, रोकड, घरातील जुने कागद असे काय काय ठेवलेले होते. कोणत्या कप्प्यात काय होते हे बँकेस ठाऊक नसते, आणि ज्यांस ठाऊक होते त्यांतील सर्वांनाच ते करखात्याच्या देखत सांगणे सोयीचे असेल असे नाही.